कोलोरॅडोची स्की ट्रिप: घर सगळ्यात आधी बुक करू नका

दरवर्षी दिवाळी आटोपली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बर्फाच्या डोंगराचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "या वर्षी जायचंच." दोन दिवसांत एखादा उत्साही माणूस घर बुक करून मोकळा होतो. मग कळतं की त्या तारखा लाँग वीकेंडच्या आहेत, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा स्वस्त पास घ्यायची मुदत संपत आली आहे आणि निम्म्या लोकांना स्की येतच नाही. डॅलसहून आम्ही मित्रमंडळी इतके हिवाळे जातोय, पण हीच चूक नव्या लोकांकडून पुन्हा पुन्हा होते. म्हणून कामं ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने लिहितो आहे.

उदाहरण घेतलंय कोलोरॅडोतल्या समिट काउंटीचं, म्हणजे ब्रेकनरिज, कीस्टोन, कॉपर माउंटन. व्हेल त्यांच्या थोडं पश्चिमेला. युटाला जाणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतील. फरक आहे तिथे सांगतो.

टप्पा १: माणसं मोजा आणि त्यांना खरंच किती येतं ते विचारा (एप्रिल ते ऑगस्ट)

फोनवर विचारू नका, फोनवर सगळे "हो हो, येतं" म्हणतात. एक छोटा फॉर्म पाठवा. त्यात विचारा: शेवटचं स्की कधी केलं? किती दिवस? गुडघा, पाठ, दमा, रक्तदाब, काही आहे का? आणि मुख्य प्रश्न: निळ्या खुणेच्या, म्हणजे मध्यम, उतारावर दोन्ही बाजूंना वळत, न पडता, हव्या त्या जागी थांबता येतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" नसेल तर तो माणूस शिकाऊ धरायचा. मनालीला सोलांगमध्ये अर्धा तास पायाला स्की बांधून काढलेला फोटो अनुभवात धरत नाहीत.

यादीचे तीन भाग पडतात: स्की येणारे, शिकाऊ आणि न करणारे. तिसरा भाग बहुतेक लोक विसरतात. भारतातून आलेले आई-बाबा, गरोदर वहिनी, "मी फक्त खिडकीत बसून चहा पिणार" म्हणणारा एक मित्र. त्यांच्यासाठी काय आहे ते आत्ताच बघा. फ्रिस्को आणि कीस्टोन इथे ट्यूबिंग आहे, म्हणजे रबरी टायरमध्ये बसून घसरायचं. ब्रेकनरिज गावातून डोंगराच्या पायथ्याशी जाणारा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, फुकट आहे. एवढ्यात दोन दिवस मजेत जातात. चार दिवस जात नाहीत, हे आई-बाबांना आधीच सांगा.

ग्रुप आठ ते दहाचा ठेवा. बारा-चौदा झाले की घर मिळत नाही, गाड्या दोनच्या तीन होतात आणि सकाळी निघायला अकरा वाजतात.

*तपासा:* प्रत्येकाकडून थोडे तरी पैसे आगाऊ आले का? पैसे न देता "मी नक्की" म्हणणारा माणूस ऑक्टोबरमध्ये गळतो आणि त्याचा वाटा बाकीच्यांवर येतो.

टप्पा २: तारखा ठरवा

तीन काळ टाळा: नाताळ ते नववर्ष, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा वीकेंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड. गर्दी तर असतेच, शिवाय बरेचसे स्वस्त पास नेमके याच दिवशी चालत नाहीत. नाताळात बर्फही बेभरवशाचा असतो. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा मला सगळ्यात सुखाचा वाटतो. मार्चमध्ये बर्फ भरपूर, ऊन छान, पण स्प्रिंग ब्रेकची झुंबड.

आता आठवड्याचे वार. लोक शुक्रवारी रात्री उडतात आणि शनिवारी सकाळी डेन्व्हरहून वर निघतात. त्या वेळी अर्धं डेन्व्हरही त्याच आय-७० रस्त्यावर वर निघालेलं असतं. रविवारी दुपारी तेच सगळे खाली उतरतात. चांगल्या हवेत विमानतळावरून ब्रेकनरिजला दोन तास लागतात. अंतर साधारण १०० मैल. शनिवारी बर्फ पडत असला तर चार-पाच तास गाडीतच गेले म्हणून समजा.

आमचा ठरलेला साचा असा: शनिवारी डेन्व्हरला उतरायचं आणि रात्री तिथेच राहायचं. रविवारी जेवून दुपारी वर जायचं, खालच्या दिशेची गर्दी पलीकडच्या लेनमधून बघत. सोमवार ते गुरुवार स्की. शुक्रवारी सकाळी खाली. रजा पाच दिवसांची जाते, पण लिफ्टची रांग छोटी, घर स्वस्त, आणि डेन्व्हरची एक रात्र उंचीची सवय लागायलाही कामी येते. मुलांच्या शाळेचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर गर्दी आणि खर्च गृहीत धरून जा.

टप्पा ३: डोंगर आणि पास

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

खिडकीवर जाऊन एका दिवसाचं तिकीट काढायची आपल्याला सवय आहे. इथे तसं केलं तर व्हेलसारख्या ठिकाणी ऐन गर्दीच्या दिवसांत एका माणसाचे एका दिवसाचे ३०० डॉलरच्या वर जातात. हेच दिवस आधी घेतले तर पुष्कळ स्वस्त पडतात. पण आधी म्हणजे खरंच आधी: पासची किंमत वसंतात सगळ्यात कमी असते, मग टप्प्याटप्प्याने चढते आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विक्रीच बंद होते. जानेवारीत जाग आली तर रोजच्या महागड्या तिकिटाशिवाय पर्याय नाही.

दोन मोठे पास आहेत. एपिकवर व्हेल, ब्रेकनरिज, कीस्टोन, बीव्हर क्रीक आणि युटातलं पार्क सिटी. आयकॉनवर कॉपर, विंटर पार्क, स्टीमबोट, अरापाहो बेसिन, आणि युटात आल्टा, स्नोबर्ड, डियर व्हॅली. एकाचा पास दुसऱ्याच्या डोंगरावर चालत नाही. हे सांगायची गरज वाटू नये, पण एका वर्षी आमच्यातल्या दोघांनी "ऑफिसातल्या मित्राने सांगितला" म्हणून वेगळा पास घेतला. चारही दिवस ते दोघे रोज सकाळी वेगळ्या डोंगरावर गेले आणि संध्याकाळी फक्त जेवायला भेटले.

पूर्ण हंगामाचा पास घेऊ नका, दिवसांवर घ्या. एपिक डे पासमध्ये एक ते सात दिवस निवडता येतात आणि ते सलग वापरावे लागत नाहीत. आयकॉनचा सेशन पासही मोजक्या दिवसांचा असतो. आपल्या तारखा गर्दीच्या यादीत येत नाहीत ना, ते बघून मगच पैसे भरा.

आता शिकाऊंचं गणित. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये नवा माणूस चार दिवस स्की करत नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या मांड्या बोलायला लागतात आणि तिसऱ्या दिवशी तो टबात बसतो. त्याला दोन, फार तर तीन दिवस घ्या. पहिल्या दिवसाच्या शिकवणीत शिकाऊंच्या लिफ्टचं तिकीट धरलेलं असतं का ते वाचून घ्या. धरलेलं असेल तर पासचा आणखी एक दिवस वाचतो.

शिकाऊ जास्त असतील तर डोंगर कुठला? माझं मत कॉपर. त्याची रचनाच नशीबवान आहे: पश्चिमेकडे सोपे उतार, मधे मध्यम, पूर्वेकडे अवघड. नवा माणूस चुकून भलत्या उतारावर पोचत नाही. कीस्टोनला 'स्कूलमार्म' नावाचा हिरवा, म्हणजे सोपा, उतार थेट डोंगराच्या माथ्यावरून खाली येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो करण्यात फार आनंद आहे, पहिल्या दिवशी मात्र तो संपता संपत नाही. ब्रेकनरिजचं गाव सगळ्यात देखणं, न करणाऱ्यांनाही वेळ घालवायला बरं, पण डोंगराची उंची सगळ्यात जास्त.

*जपून:* ग्रुपमध्ये कुणी स्नोबोर्डवाला असेल तर युटातलं आल्टा आणि डियर व्हॅली बाद. तिथे बोर्डला बंदी आहे.

टप्पा ४: आता घर

पास हातात आल्यावर घर. जाहिरातीत "डोंगरापासून पाच मिनिटं" लिहिलेलं असतं, ती गाडीची पाच मिनिटं असतात, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ती पस्तीस होतात. स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, बर्फाळ फुटपाथवर पाव मैल चालून बघितलं की अंतराचा अर्थ कळतो. फुकट बसचा थांबा दारापासून किती पावलांवर आहे ते बघा. ब्रेकनरिजची बससेवा फुकट आहे, पार्क सिटीचीही.

बाकी बघायचं ते असं: बाथरूम किती (बेडरूमपेक्षा हा आकडा महत्त्वाचा), ओले कपडे वाळवायचा ड्रायर आहे का, घरासमोरचा बर्फ कोण काढतं, आणि चढाच्या रस्त्यावर घर नाही ना. फ्रिस्को किंवा सिल्व्हरथॉर्नला घरं थोडी स्वस्त मिळतात. दोन वेगळ्या डोंगरांवर जायचं असेल तर फ्रिस्को मध्यावर पडतं.

टप्पा ५: शिकवणी आणि भाड्याचं सामान

शिकवणी आधी बुक करा. नवऱ्याने बायकोला, मित्राने मित्राला शिकवायचं नाही. मी स्वतः हा पराक्रम करून बसलो आहे. अर्ध्या तासात "गुडघे वाकव" हे वाक्य आमच्या संसारातल्या इतर विषयांपर्यंत गेलं. पैसे भरा आणि अनोळखी माणसाचं ऐकायला लावा. मुलांचा वर्ग वेगळा असतो आणि मोठ्यांच्या आधी भरतो.

सामान भाड्याने घ्या, विकत नको. डेन्व्हरमध्ये भाडं कमी असतं, तरी मी वरच्या गावातच घेतो. बूट चावायला लागला तर दुपारी जाऊन बदलता येतो, डेन्व्हरला परत जाता येत नाही. ऑनलाइन आधी नोंदवा आणि आदल्या संध्याकाळी घेऊन या. सकाळी साडेआठला त्या दुकानात जाऊ नये.

स्की आणि पोल (हातातल्या काठ्या) दुकानदार उंची बघून देतो, त्यात फार डोकं घालू नका. नव्या माणसाला हनुवटी ते नाकाएवढी स्की पुरते. डोकं घालायचं ते बुटात. बूट बरोबर नसेल तर दिवस संपला.

बूट असा बघा:

१. पायात एकच मोजा. पातळ, लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की पाय गरम राहतो हा समज सोडा. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात.

२. थर्मलची पँट बुटाच्या वर राहिली पाहिजे. आत मोज्याशिवाय काही नको. तिची एक सुरकुती दुपारपर्यंत नडगीवर लाल रेघ उठवते.

३. पाय आत घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे टाच मागे बसते. मग आधी घोट्याजवळची बक्कल, नंतर वरच्या, सगळ्यात शेवटी बोटांवरची, तीही हलकीच.

४. सरळ उभे राहा. अंगठा पुढे टेकायला हवा. आता गुडघे पुढे वाकवा. अंगठा किंचित मागे सरकायला हवा. वाकूनही बोटं दुमडलेलीच असतील तर बूट लहान. टाच आत वर उचलली जात असेल तर मोठा. आणि मोठाच बूट सगळे मागतात, कारण दुकानात तो आरामशीर वाटतो.

५. दहा मिनिटं तसेच उभे राहा. त्या दहा मिनिटांत फोन बघा, कुणी घाई केली तरी काढू नका.

दुकानातल्या फॉर्मवर वजन, उंची, वय आणि किती येतं ते लिहायचं असतं. पडल्यावर स्की बुटापासून किती जोराने सुटावी हे या आकड्यांवरून लावतात. वजन कमी सांगितलं तर ती भलत्या वेळी सुटेल. येतं त्यापेक्षा जास्त येतं असं लिहिलंत तर ती सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही, आणि पिळवटेल तो गुडघा. इथे खरं लिहा, फॉर्म कुणी ग्रुपवर टाकत नाही.

हेल्मेट घ्याच. गॉगल हेल्मेटसोबत लावून बघा, कपाळावर उघडी पट्टी राहता कामा नये.

टप्पा ६: कपडे

सुती काहीही नको. जीन्स नको, आतला बनियनही सुती नको. सुती कापड घामाने भिजतं, वाळत नाही आणि लिफ्टवर बसलं की तोच ओलावा अंगाला गार पडतो. तीन थर: आत लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, मधे फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. पँट-जॅकेट एका ट्रिपसाठी विकत घेऊ नका, मित्रांकडून मागा किंवा भाड्याने आणा. हातमोज्यांवर मात्र खर्च करा. बोटांचे मोजे घेतलेले लोक दुसऱ्या दिवशी चार बोटं एकत्र राहणारे मिटन शोधत फिरतात.

सनस्क्रीन लोकांना थट्टा वाटते. उंचीवर अतिनील किरणं वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली बरीचशी खालून परत फेकतो. त्यामुळे हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही, असं म्हणणाऱ्याचे ओठ तिसऱ्या दिवशी बघण्यासारखे असतात.

टप्पा ७: वर जाताना हवा आणि रस्ता

डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही विमानातून उतरता तेच जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर. ब्रेकनरिज गाव ९,६०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट, आणि तिथली सगळ्यात वरची लिफ्ट १२,८४० फुटांवर सोडते. गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीहून त्याच दिवशी थेट वर गेलं की रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येत नाही. धडधाकट, रोज पळणाऱ्या माणसालाही हे होतं.

डेन्व्हरची रात्र त्यासाठीच. वर गेल्यावर पहिल्या संध्याकाळी दारू नको, पाणी पीत राहा, जेवण हलकं. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) विचारायचं असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, ग्रुपमधल्या एकाच्या पिशवीतली गोळी घेऊ नका. बहुतेकांचं डोकं एक-दोन दिवसांत उतरतं.

*जपून:* बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्या माणसाला खाली न्या आणि दवाखान्यात दाखवा.

जाता जाता स्वयंपाकाचं. तिथे पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. पहिल्या वर्षी आम्ही घरातल्या पातेल्यात तूरडाळ चढवली. दीड तास ती खळखळत होती, वर फेस, खाली दाणे जसेच्या तसे, आणि सभोवती दहा भुकेली माणसं डाव घेऊन वाकून बघतायत. शेवटी ब्रेड आणि लोणचं. तेव्हापासून तीन लिटरचा कुकर चेक-इन बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून येतो. इन्स्टंट पॉटही चालतो, वेळ थोडा वाढवायचा. फरसाणाची पाकिटं वर जाता जाता फुग्यासारखी टम्म फुगतात. घाबरू नका, पण मांडीवर धरून फोडूही नका.

आता गाडी. कोलोरॅडोत आय-७० च्या डोंगराळ भागात, डोटसेरो ते मॉरिसन, सप्टेंबर ते मे टायरचा कायदा लागू असतो. टायरवर 'एम अँड एस' ही अक्षरं किंवा डोंगर आणि हिमकणाची खूण हवी, आणि नक्षीची खोली किमान ३/१६ इंच. ते नसेल तर बहुतेक गाड्यांत चेन किंवा तसलंच साधन बरोबर हवं. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर "ही फोर व्हील आहे, काळजी करू नका" असं आम्हालाही सांगितलं होतं. पार्किंगमध्ये वाकून बघितलं तर टायर गुळगुळीत. गाडी बदलून घ्यायला वीस मिनिटं लागली. चारही चाकांना जोर असला तरी बर्फावर गाडी थांबवतो टायरच.

निघण्यापूर्वी: टाकी भरलेली, काचेच्या पाण्यात थंडीत न गोठणारं द्रव, गाडीत पाणी, ब्लँकेट, खायला काहीतरी. कोट्रिप या कोलोरॅडोच्या सरकारी वेबसाइटवर रस्त्याची स्थिती बघा. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. डेन्व्हरला स्वच्छ ऊन असताना तिथे वादळ असू शकतं. बोगद्यातून बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक उतार लागतो. तिथे खालचा गिअर घ्या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

ग्रुपमध्ये बर्फात गाडी चालवलेलं कुणीच नसेल तर शटल घ्या. विंटर पार्कला तर डेन्व्हरच्या युनियन स्टेशनहून हिवाळ्यात खास गाडी जाते. युटाचा हा मोठा फायदा: सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावरून पार्क सिटी जेमतेम पाऊण तास.

टप्पा ८: पहिला दिवस

स्की येणारे आणि शिकाऊ यांनी सकाळीच वेगळं व्हा. जेवायची वेळ साडेअकरा, जागा नावासकट ठरलेली. बाराला गेलात तर ट्रे हातात घेऊन उभं राहाल. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेर थंडीने बॅटरी बसते.

शिक्षक पाचरीसारखी स्की करून थांबायला शिकवेल: पुढची टोकं जवळ, मागची लांब. ते शिकवणं त्याचं काम. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की भीती वाटली की अंग मागे रेलतं, आणि मागे रेललं की स्की वेगाने पुढे पळते. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली राहिली पाहिजे. सुटली, की तुम्ही मागे गेलात. पडायचंच असेल तर कुशीवर पडा. उठताना स्की उताराला आडव्या करा आणि तुमच्या खालच्या बाजूला घ्या. स्की उताराच्या दिशेने ठेवून उठायचा प्रयत्न केलात तर उठता उठताच निघाल.

नवी माणसं चेअरलिफ्टला उताराइतकीच घाबरतात. क्रम असा:

१. रांगेतच पोलचे पट्टे मनगटातून काढा, दोन्ही पोल एका हातात. पाठीवर सॅक असेल तर पुढे घ्या.

२. लिफ्टवाल्याला सांगा, पहिलीच वेळ आहे. तो खुर्ची हळू करतो. यात लाज कसली?

३. समोरची खुर्ची गेली की लगेच पुढच्या रेषेपर्यंत सरका. स्की सरळ. मान वळवून येणारी खुर्ची बघा.

४. खुर्ची गुडघ्यामागे लागली की बसा, मागे सरका, दांडा खाली घ्या. खाली घेताना शेजाऱ्याला सांगा, डोक्यात बसतो.

५. वर पोचताना दांडा वर, स्कीची टोकं वर. स्की जमिनीला टेकल्या की उभे राहा आणि सरळ पुढे घसरत जा. उतरलेल्या जागी थांबून हातमोजे नीट करत बसू नका, मागून पुढची खुर्ची येत असते.

६. उतरायचं राहिलंच तर उडी मारू नका. बसून राहा, लिफ्ट थांबवतात.

*जपून:* दुपारी स्की येणाऱ्यांपैकी कुणीतरी शिकाऊला म्हणतं, "चल ना वर, काय नजारा आहे, मी आहे ना." जाऊ नका. वरच्या बऱ्याच लिफ्टपासून सोपा उतार खाली येतच नाही. त्या "मी आहे ना"चा शेवट स्की काढून, हातात घेऊन, बुटांनी डोंगर उतरण्यात होतो. मी हे दोन वेळा पाहिलं आहे आणि एकदा केलं आहे.

टप्पा ९: दुसऱ्या दिवसापासून

हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे असतील तर बघायलाही जाऊ नका. या खुणा त्या त्या डोंगरापुरत्या असतात. एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या काळ्याएवढा खडा निघू शकतो. नव्या डोंगरावर पहिला उतार एक पायरी खालचा घ्या.

रस्त्यावरच्या नियमांसारखे इथेही नियम आहेत. तुमच्या पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. त्याला चुकवणं तुमचं काम, तो कसाही वळला तरी. निघताना किंवा दुसऱ्या उताराला मिळताना वर बघा. थांबायचं तर कडेला, आणि वरून दिसाल अशा जागी. आपले लोक सहा जणांचा सेल्फी उताराच्या ऐन मधोमध, चढाच्या मागे काढतात. मागून येणाऱ्याला ते दिसत नाहीत.

दोरी लावलेली असेल तर पलीकडे जायचं नाही. पलीकडे कोरा बर्फ कितीही छान दिसो. खोल बर्फ पडला असेल तर झाडाच्या बुंध्याभोवतीही जाऊ नका. फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो आणि माणूस डोक्यावर आत जातो.

कुणी पडून उठत नसेल तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या उभ्या रोवा, हेल्मेट किंवा बूट काढू नका, आणि स्की पेट्रोलला, म्हणजे डोंगरावरच्या मदत पथकाला, बोलवा. त्यांचा नंबर पहिल्याच सकाळी सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. पाहुणे आलेल्या आई-बाबांच्या प्रवासविम्यात हिवाळी खेळ वगळलेले असतात का, ते ट्यूबिंगच्या आधीच वाचा. इथल्या ॲम्ब्युलन्सचं बिल आल्यावर वाचून उपयोग नाही.

साडेतीनला शेवटचा उतार. "अजून एक" म्हणायचं नाही. पाय दमलेले, बर्फ कडक झालेला, उजेड सपाट झालेला, खड्डे-उंचवटे दिसत नाहीत. आमच्या ग्रुपमधलं एकमेव मोडलेलं मनगट 'अजून एक'मध्येच मोडलं.

टप्पा १०: परतीची सकाळ

भाड्याचं सामान गुरुवारी संध्याकाळीच परत करा, शुक्रवारची सकाळ मोकळी राहते. दहापर्यंत निघा. दुपारनंतर वर येणारी वीकेंडची गर्दी सुरू होते. ती समोरच्या लेनमध्ये असली तरी एखादा अपघात झाला की दोन्ही बाजू अडकतात. विमान संध्याकाळचं घ्या, दुपारचं नको.

घर सोडताना ड्रायरमध्ये मोजे, बाल्कनीत हातमोजे आणि फ्रीजमध्ये दही राहिलेलं असतं. डिशवॉशरचा वरचा कप्पा उघडून बघा. कुकरची शिट्टी तिथे असते.